तिशीत स्तनाचा कॅन्सर : सोबत करणाऱ्याने काय करायचं आणि कधी करायचं

माझ्या धाकट्या बहिणीच्या डाव्या स्तनात गाठ लागली तेव्हा ती ३२ वर्षांची होती आणि तिची मुलगी १४ महिन्यांची. जवळच्या डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि "दुधाची गाठ आहे, जिरेल" म्हणून सांगितलं. त्यात तीन महिने गेले. पुढे बायॉप्सीचा रिपोर्ट आणायला मी गेले, लॅबच्या जिन्यात उभी राहून वाचला आणि घरी आल्यावर "अजून दोन दिवस लागतील" असं तिला सांगितलं. एक दिवस मी तो पर्समध्ये लपवून ठेवला. त्या एका दिवसाचा राग तिच्या मनात पुढे वर्षभर होता, आणि तो रास्त होता.

त्यानंतर पाच वर्षं मी तिच्यासोबत केमोच्या खुर्चीशेजारी, ओपीडीच्या रांगेत आणि घरी रात्री बसले आहे. त्यातून जे शिकले ते इथे लिहिते आहे. ज्यांच्या घरात किंवा मैत्रिणींत परवाच असा रिपोर्ट आला आहे, त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधी समजून घ्या. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण असल्याचा अंदाज आहे, आणि पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे हा आजार साधारण दहा वर्षं आधी गाठतो. म्हणजे तिशी-पस्तिशीतली बाई ही काही फार वेगळी केस नाही. तरीही सगळी वागणूक, सगळे सल्ले असतात ते साठीच्या बाईसाठी, जिची मुलं मार्गी लागली आहेत. तरुण बाईपुढे अजून ४० वर्षं असतात. नोकरी, गृहकर्ज, कडेवरचं मूल किंवा अजून न झालेलं मूल, न ठरलेलं लग्न, नवऱ्याबरोबरचं अंथरूण, आरशातलं रूप. गाठीवरचे उपचार डॉक्टर नीट करतात. या ४० वर्षांचे प्रश्न मात्र कोणीतरी मुद्दाम विचारावे लागतात, आणि तिच्या अंगात तेव्हा ते बळ नसतं. सोबत करणाऱ्याचं पहिलं काम ते आहे.

पहिला आठवडा : रिपोर्ट तिचा, बातमीही तिची

रिपोर्ट तिच्या हातात द्या. "तिला झेपणार नाही" हे आपण आपल्या भीतीने म्हणत असतो. ती सही करणार आहे, तिच्या अंगात औषध जाणार आहे, मग तिला माहीत नसून कसं चालेल?

मग विचारा : कोणाकोणाला सांगायचं? सासरी कधी? ऑफिसात कोणाला? लग्न व्हायचं असेल तर हा प्रश्न फारच नाजूक असतो. तिच्याआधी मावशीला कळलं आणि मावशीकडून सगळ्या गावाला, असं झालं तर ती आपल्यापासून लांब जाते. एक माणूस नेमा, जो सगळ्यांना खबर देईल आणि सगळ्यांचे फोन घेईल. आमच्याकडे भावाने ते केलं. आठवड्यातून एकदा, रविवारी, नातेवाइकांच्या ग्रुपवर चार ओळी. बाकी दिवस तिचा फोन शांत.

याच आठवड्यात धडाधड सल्ले येतात. गव्हांकुराचा रस, गोमूत्र, अमुक गावचा वैद्य. भांडू नका. "डॉक्टरांना विचारून सांगतो" एवढंच म्हणा, आणि खरंच विचारा. केमोत पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना घरी काढलेले कच्चे रस पोटात जंतू नेऊ शकतात, काही काढे औषधांच्या आड येतात. आणि कोणी तिची ताट-वाटी वेगळी ठेवायला लागलं तर तिथे मात्र गप्प बसू नका. हा आजार संसर्गाने होत नाही.

फाईल आणि वही

एक जाड फाईल घ्या, कप्प्यांची. बायॉप्सी, सोनोग्राफी, मॅमोग्राम, रक्ताचे रिपोर्ट, बिलं, आधार आणि रेशनकार्डाच्या प्रती, वेगवेगळ्या कप्प्यांत. प्रत्येक कागदाचा फोटो मोबाइलमध्ये. बायॉप्सीचा मेणाचा ठोकळा, ज्याला ब्लॉक म्हणतात, तो आणि काचपट्ट्या लॅबमधून मागून घ्या. दुसऱ्या रुग्णालयात मत घ्यायला गेलात तर पहिल्या खिडकीवर तेच मागतात.

रिपोर्टमध्ये तीन गोष्टी बघा : ई.आर., पी.आर. आणि हर-टू. पहिल्या दोन म्हणजे गाठ हार्मोनवर वाढते का. तिसरी म्हणजे एक विशिष्ट प्रथिन पेशींवर जास्त आहे का. तिन्ही नाहीत तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात, आणि तरुण बायकांत ते प्रमाण जास्त असतं. पुढचं सगळं या तिघांवर ठरतं. ई.आर. असेल तर वर्षानुवर्षं गोळ्या, हर-टू असेल तर ट्रॅस्टुझुमॅबची इंजेक्शनं साधारण वर्षभर आणि त्या काळात हृदयाची टू-डी एको पुन्हा पुन्हा. शेजारच्या काकूंना काय दिलं होतं याची तुलना करून उपयोग नाही, कारण काकूंची गाठ वेगळ्या जातीची असू शकते.

फाईलसोबत एक साधी दोनशे पानी वही. डाव्या पानावर आपले प्रश्न, उजव्या पानावर डॉक्टरांची उत्तरं. डॉक्टरांसमोर मिळतात पाच-सात मिनिटं, त्यात निम्मं ऐकूच येत नाही. ती ऐकत असते तेव्हा तुम्ही लिहा. आणि बोलायचं तिनेच. डॉक्टर तुमच्याकडे बघून बोलायला लागले तर तुम्ही तिच्याकडे बघा, त्यांची नजर आपोआप तिकडे वळते.

केमोच्या आधीचा प्रश्न

हा भाग सावकाश वाचा. माझ्या मते या सगळ्या लेखात हाच सर्वांत महत्त्वाचा आहे.

केमोची काही औषधं बीजकोशांना इजा करतात. पाळी काही महिने थांबते, कधी कायमची. म्हणून केमो सुरू व्हायच्या आधी, शक्यतो पहिल्याच भेटीत, विचारायचं : "पुढे मूल हवं असेल तर आत्ता काय करता येईल?"

आम्हाला कोणी विचारलं नाही, आणि आम्हालाही सुचलं नाही. एक मूल आहे म्हटल्यावर सगळ्यांनीच गृहीत धरलं असावं. दुसऱ्या केमोच्या दिवशी शेजारच्या खुर्चीवर २७ वर्षांची, लग्न न झालेली एक मुलगी होती. ती सहज म्हणाली, "मी अंडी ठेवून आलेय." बहिणीने माझ्याकडे बघितलं. सलाइन चालू होती, लाल औषध थेंबाथेंबाने आत जात होतं, आणि ती काहीच बोलली नाही. घरी येताना रिक्षात म्हणाली, "ताई, मला दुसरं हवं होतं गं." त्या वाक्यामुळे मी हा लेख लिहिते आहे.

करता येतं ते असं. स्त्रीबीजं काढून गोठवता येतात, किंवा नवऱ्याच्या शुक्रजंतूंशी संयोग करून गर्भ गोठवता येतो. इंजेक्शनं सुरू केल्यापासून बीजं काढेपर्यंत साधारण दोन आठवडे लागतात. पाळी यायची वाट बघायची गरज आता राहिलेली नाही, महिन्यातल्या कुठल्याही दिवशी सुरू करता येतं. हार्मोनवर वाढणारी गाठ असेल तर लेट्रोझोल नावाची गोळी सोबत देतात, म्हणजे अंगातलं इस्ट्रोजेन फार चढत नाही. दोन आठवडे थांबायला वेळ आहे का, हे कॅन्सरच्या डॉक्टरांनीच सांगायचं. पुष्कळदा असतो. खर्च सहज लाखावर जातो, आणि तो नेमका त्याच वेळी येतो जेव्हा बाकीचे खर्च तोंड उघडून उभे असतात. माझं मत विचाराल तर, नातेवाइकांनी "काय मदत करू" म्हणून विचारलं की याच कामासाठी पैसे मागा.

लग्न झालेलं नसलं तरी स्वतःची बीजं ठेवता येतात. २०२१ च्या कायद्याप्रमाणे गोठवलेली बीजं १० वर्षांपर्यंत ठेवता येतात. हे आईसमोर विचारायला मुली लाजतात, म्हणून आईला दोन मिनिटं बाहेर घेऊन जा.

गोठवणं जमलं नाही तर दुसरी एक गोष्ट आहे. गोसेरेलिन किंवा ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन, साधारण महिन्याला एक, केमो चालू असेपर्यंत. ते बीजकोशांना झोपवून ठेवतं, म्हणजे इजा कमी होते. पहिलं इंजेक्शन केमोच्या किमान आठवडाभर आधी द्यावं लागतं. बहिणीला ते तिसऱ्या केमोपासून मिळालं. उशिरा का होईना, मिळालं.

आणि "आता कायमचंच संपलं का?" असं ती रात्री विचारेल तेव्हा सांगायला एक खरी गोष्ट असू द्या. हार्मोनवर वाढणाऱ्या गाठीच्या ४२ वर्षांपर्यंतच्या ५१६ बायकांवर 'पॉझिटिव्ह' नावाचा अभ्यास झाला, २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दीड ते अडीच वर्षं गोळ्या घेतल्यावर त्यांनी मुलासाठी दोन वर्षांपर्यंत गोळ्या थांबवल्या. पहिल्या काही वर्षांत तरी त्यांच्यात आजार परतण्याचं प्रमाण न थांबवणाऱ्यांपेक्षा जास्त दिसलं नाही. दीर्घ काळाचं निरीक्षण चालूच आहे. हा निर्णय डॉक्टरांसोबतच घ्यायचा, पण दार बंद नाही.

पैसा आणि नोकरी

पहिल्या आठवड्यात राजीनामा देऊ नका. देऊ देऊ नका. "आता नोकरी कसली, आराम कर" असं घरचे प्रेमाने म्हणतात, पण कंपनीचा ग्रुप विमा नोकरीबरोबरच जातो, आणि नव्याने विमा घ्यायला गेलं की हा आजार आधीचा ठरतो. शिल्लक रजा, आजारपणाची रजा, बिनपगारी रजा, घरून काम, या क्रमाने विचारा आणि मेलवर लेखी घ्या. पगारातून ई.एस.आय. (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर कॅन्सरसारख्या दीर्घ आजारासाठी वाढीव आजारपण भत्ता असतो : अटी बसल्यास पगाराच्या ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. बऱ्याच जणींना हे माहीतच नसतं.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथे जा. चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. उपचार सुरू होण्याआधी मंजुरी घ्यावी लागते, आधी पैसे भरून नंतर परत मिळतील या भरवशावर राहू नका. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो आजच काढायला टाका.

गावाहून मुंबईला येणाऱ्यांसाठी परळ-दादर भागात नाना पालकर स्मृती समिती आणि गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात समाजसेवा विभाग आहे, राहण्यापासून मदतनिधीपर्यंतची वाट तिथले लोक दाखवतात. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला भाड्यात सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सरच्या रुग्णाला जाता येतं. केमोनंतर लेडीज डब्यात उभं राहून येणं काय असतं ते एकदा बघितल्यावर हा डबा मला देवासारखा वाटला. पण तरुण बाई धडधाकट दिसते, म्हणून लोक हटकतात. दाखला पर्समध्ये वरच ठेवा.

केमोचे महिने

घरात थर्मामीटर हवं, आणि सगळ्यांना ते वापरता यायला हवं. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की रात्र असो, दिवाळी असो, रुग्णालय गाठायचं. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशींचे काउंट सर्वांत खाली असतात, तेव्हा साधा वाटणारा ताप जिवावर बेतू शकतो. कुठे फोन करायचा, कुठल्या दाराने आत जायचं, रात्री फाईल कोणाकडे, हे पहिल्या केमोच्या आधी ठरवून ठेवा.

लाल औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. आधी सांगा, नाहीतर ती न्हाणीघरातून किंचाळत बाहेर येईल.

केस दोन-तीन आठवड्यांनी जायला लागतात. उशीवर, भातात, मुलीच्या मुठीत. बहिणीने एका रविवारी ठरवलं की आता पुरे. गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं, भावजींनी ट्रिमर आणला. पहिला पट्टा तिने स्वतः फिरवला, मग तिचे हात थांबले, मग भावजींनी. मुलगी मांडीवर बसून वर्तमानपत्रावरचे केस गोळा करत होती. झाल्यावर तिने आईच्या डोक्यावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि तिथेच गाल टेकून झोपली. आम्ही मोठी माणसं ज्याला घाबरत होतो ते त्या पोरीला मऊ लागलं.

विग हवा की नको, रुमाल की टोपी, की काहीच नको, हे तिचं तिला ठरवू द्या. व्ही केअर फाउंडेशनसारख्या संस्थांतून आधी हे सगळं सोसलेल्या बायका बोलायला मिळतात, विगची चौकशीही तिथे करता येते.

जेवणात आमचा अनुभव असा की फोडणीचा वास सहन होत नाही. मऊ भात, मुगाचं वरण, उकडलेलं अंडं, दही, थालीपीठ, जे जाईल ते, थोडं थोडं. डब्याची पाळी लावा. "काही लागलं तर सांग" असं कोणी म्हटलं तर त्याला वार द्या : "मंगळवारी रात्रीचा डबा, चौघांचा, तिखट कमी." माणसं हे आनंदाने करतात. फक्त काम नेमकं सांगायला हवं.

शेजारणीसाठी एक विनंती. चैत्रात, मार्गशीर्षात तिला हळदीकुंकवाला बोलवा. तिला यायचं नसेल तर ती नाही म्हणेल. न बोलावणं तिला बरोबर कळतं.

ऑपरेशन, भिंत आणि लाइट

आधीच विचारून घ्या : स्तन राखता येईल का? गाठीपुरतं ऑपरेशन आणि त्यावर रेडिएशन केलं तर आयुष्यमान पूर्ण स्तन काढल्याइतकंच राहतं, हे दशकांच्या अभ्यासातून सिद्ध आहे. सगळ्यांना जमतं असं नाही. पण "तरुण आहे, सगळं काढूनच टाका" हा निव्वळ घरच्यांचा आग्रह असू नये. काढावाच लागला तर त्याच वेळी किंवा नंतर पुनर्रचना होऊ शकते का, तेही विचारा. तिने विचारलं तर ती नटवी ठरत नाही.

घरी येताना काखेतून एक नळी आणि तिला जोडलेली डबी असते. सकाळ-संध्याकाळ मापाच्या पेल्यात रिकामी करायची आणि लिहायचं. आमच्या वहीत ते पान अजून आहे : ११०, ९०, ८५, ६०... दिवसाचा आकडा ३० मिलिलिटरच्या आसपास किंवा खाली आला की नळी निघते. नळी पिनेने गाऊनला आतून अडकवा, नाहीतर मूल ओढतं.

हाताचा व्यायाम ठरल्या दिवसापासून सुरू झालाच पाहिजे. भिंतीसमोर उभं राहून बोटं मुंगीसारखी वर चढवायची. आमच्याकडे ज्या भिंतीवर मुलीच्या उंचीच्या खुणा होत्या, त्याच्याच शेजारी बहिणीच्या बोटांच्या खुणा पेन्सिलीने तारखेसह केल्या. सहा आठवड्यांत ती वरच्या कप्प्यापर्यंत पोचली. पुढे कधीही त्या हाताची बांगडी घट्ट व्हायला लागली, हात जड वाटला, तर लगेच दाखवा. सूज लवकर दाखवली तर आटोक्यात राहते.

स्तन काढल्यावर ब्लाउजमध्ये भरायचा सिलिकॉनचा कृत्रिम स्तन महाग आणि जड असतो. निटेड नॉकर्स इंडियाच्या स्वयंसेवक बायका सुती धाग्याने विणलेले हलके स्तन मोफत देतात. उन्हाळ्यात ते फार बरे पडतात.

रेडिएशनला आपल्याकडे लाइट किंवा शेक म्हणतात. पुष्कळदा १५ बैठका, तीन आठवडे, सोमवार ते शुक्रवार. कातडीवरच्या खुणा पुसायच्या नाहीत, सैल सुती कपडे. आणि हे घरात मोठ्याने सांगा : बाहेरून लाइट घेतलेली बाई किरणं घेऊन घरी येत नाही. मुलाला जवळ घ्यायला काही हरकत नाही. आमच्या एका नातेवाइकांनी ते अडवलं होतं, आणि चार दिवस पोर दाराशी रडत होती.

नवरा-बायको

याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी थोडं लिहिते. औषधांमुळे तिशीतच पाळी जाते, अंगातून वाफा निघतात, योनीत कोरडेपणा येतो, इच्छा मंदावते. नवऱ्याला वाटतं तिला दुखेल, तिला वाटतं त्याला किळस येते, आणि दोघं पलंगाच्या दोन टोकांना झोपतात. नवऱ्यांना सांगते : व्रण बघायला घाबरू नका, पण तिने दाखवला तरच बघा. जवळ बसा, हात धरा, त्यातून काही पुढे व्हायलाच हवं असं नाही. कोरडेपणावर पाण्यावर आधारलेलं वंगण (ल्युब्रिकंट) मिळतं. हार्मोनचं मलम मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. बोलायची लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांसमोर सरकवा.

पाळी थांबली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नाही. केमोत आणि टॅमॉक्सिफेन या हार्मोनविरोधी गोळीवर असताना गर्भ राहणं धोक्याचं आहे. गर्भनिरोधक गोळ्या चालत नाहीत कारण त्यांत हार्मोन असतात. निरोध किंवा कॉपर-टी.

जनुकाची तपासणी

तरुण वयात हा आजार झाला की बीआरसीए-वन आणि बीआरसीए-टू या जनुकांची तपासणी करावी असं डॉक्टर सांगतात. तपासणीआधी आणि नंतर समुपदेशन मागा. बदल सापडला तर तिच्या ऑपरेशनचा, औषधांचा आणि बीजकोशांचा विचार बदलतो, आणि भावंडांत व मुलांत तो असण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी असते. पुरुषही तो पुढे देतात. बहिणीत तो सापडला. माझी तपासणी झाली, माझ्यात नव्हता. निकालाच्या दिवशी मला तिच्यासमोर जायचं जिवावर आलं होतं. तिने दार उघडलं आणि आधी मलाच मिठी मारली. भाऊ अजून तपासणीला गेलेला नाही. मी दर रक्षाबंधनाला आठवण करते.

आजार सोबतच राहणार असेल तर

काही जणींचा आजार हाडांत, यकृतात, फुप्फुसांत पोचलेला असतो. तो पुसून टाकता येत नाही, पण उपचारांवर वर्षं काढता येतात, कामावर जाता येतं, मूल शाळेत सोडता येतं. अशा बाईला "लढ, हरवशील त्याला" म्हणू नका. तिला रोज औषध घेऊन जगायचं आहे, जिंकण्याचं ओझं कशाला? हार्मोनवर वाढणाऱ्या गाठीसाठीच्या पॅल्बोसायक्लिब या गोळ्यांचं पेटंट भारतात जानेवारी २०२३ मध्ये संपलं आणि भारतीय कंपन्यांच्या गोळ्या बऱ्याच कमी दरात मिळू लागल्या. त्यामुळे जुन्या काळची ऐकीव किंमत धरून उपचार सोडू नका, डॉक्टरांना आजचा भाव विचारा.

वेदनाशामक सेवा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, शेवटच्या दिवसांचीच असते हा गैरसमज आहे. दुखणं, मळमळ, झोप, भीती यांसाठी ती पहिल्या दिवसापासून मागता येते. शेवटचे दिवस घरी झेपत नसतील तर वांद्र्याला शांती अवेदना सदन आहे, १९८६ पासून. आणि मूल लहान असेल तर तिला एकदा विचारा, मुलासाठी काही लिहून, बोलून ठेवायचं आहे का. एकदाच. नको म्हणाली तर विषय तिथेच सोडा.

उपचार संपल्यावर

शेवटच्या लाइटच्या दिवशी पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवसापासून डबे बंद, फोन बंद. "झालं ना आता, सुटलीस!" आणि ती तेव्हाच कोसळते. इतके महिने रुग्णालयाने धरून ठेवलेलं असतं, आता एकदम मोकळं. थकवा वर्षभर राहू शकतो, शब्द आठवत नाहीत, पाठ दुखली तरी वाटतं परत आलं. म्हणून डब्याची पाळी पुढे तीन महिने चालू ठेवा. रोज संध्याकाळी तिच्याबरोबर चालायला जा. झोप उडाली, जेवण तुटलं, जगण्यात रस नाही असं बोलायला लागली तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. नैराश्याची गोळी सुरू करावी लागली तर टॅमॉक्सिफेन चालू असल्याचं त्या डॉक्टरांना आधी सांगा, कारण काही गोळ्या त्याचा परिणाम कमी करतात.

टॅमॉक्सिफेन पाच ते दहा वर्षं घ्यावी लागते, आणि तरुण बायका ती मध्येच सोडतात. सांधे दुखतात, चिडचिड होते, मूल हवं असतं. "विसरलीस का?" असं रोज विचारू नका. "काय त्रास होतोय?" ते विचारा आणि तो त्रास वहीत लिहून डॉक्टरांपर्यंत न्या. पुष्कळ त्रासांवर उपाय असतो.

पुढे दर तीन-सहा महिन्यांनी डॉक्टरांची तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राम. लक्षण काही नसताना मनाच्या समाधानासाठी पेट स्कॅन करत बसू नका. तपासणीच्या आधीचा आठवडा वाईट जातो, घरात त्या दिवसांत पाहुणे, वाद, मोठे निर्णय नकोत. पहिली चार वर्षं मी तिच्याबरोबर गेले. रांगेत आम्ही फार बोलायचो नाही, मी डबा घेऊन बसायची, रिपोर्ट ती उघडायची.

या वर्षी ती म्हणाली, "तू येऊ नकोस, मी जाते." मी घरी बसले आणि दर दहा मिनिटांनी फोन बघितला. चार वाजता तिचा फोन आला. रिपोर्ट चांगला होता, दीड वाजताच मिळाला होता. मधल्या वेळात तिने दादरला उतरून मुलीसाठी चौकटीच्या वह्या घेतल्या होत्या.